बारा-तेरा आठवड्यांची सोनोग्राफी: कवटीसाठी पैकीच्या पैकी, कण्यासाठी जेमतेम पास

तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी, म्हणजे सगळे जिला ‘एनटी स्कॅन’ म्हणतात ती, आता महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही मिळते. दर सेंटरगणिक वेगळे, यंत्रं वेगळी, रिपोर्टचा कागद तर प्रत्येकाचा निराळा. बहुतेक घरांत ती डाऊन सिंड्रोमची तपासणी म्हणूनच ठाऊक असते. मानेमागच्या पाण्याचं माप, म्हणजे एनटी, घ्यायचं, डबल मार्करचं रक्त द्यायचं, की झालं. या परीक्षणात आम्ही ती दुसऱ्या एका कामासाठी पारखतो आहोत. गर्भाच्या मेंदूची आणि कण्याची जी गंभीर व्यंगं न्यूरल ट्यूब डिफेक्ट म्हणून ओळखली जातात, ती या सोनोग्राफीत कितपत सापडतात, कुठे निसटतात आणि पैसे मोजणाऱ्या बाईने त्या बदल्यात काय मागून घ्यावं, एवढंच इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. कवटीच न बनलेला गर्भ, म्हणजे अ‍ॅनेन्सेफली, बाराव्या-तेराव्या आठवड्यात दिसायलाच हवा. या कामात ही सोनोग्राफी अव्वल आहे, आणि इथे व्यंग निसटलं तर बहुतेक वेळा वेळ चुकलेली असते किंवा हात घाईत असतो. पाठीचा कणा उघडा राहण्याचं व्यंग, म्हणजे स्पायना बायफिडा, मात्र इतक्या लवकर प्रत्येक वेळी हाती लागत नाही. २०१९मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे एक लाख गरोदरपणांतल्या ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफी पाहिल्या गेल्या. कवटी नसलेले आणि मेंदू कवटीबाहेर फुगवट्याने आलेले सगळे गर्भ त्याच वेळी सापडले, उघड्या स्पायना बायफिडाचे मात्र निम्म्याहून थोडे अधिकच. तेही अत्यंत तयार हातांनी. आपल्याकडच्या गर्दीच्या सेंटरमध्ये कण्याबाबत याहून जास्त अपेक्षा धरणं योग्य नाही. म्हणूनच तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पाचव्या महिन्याची सोनोग्राफी टाळायची नसते.

मुळात हे व्यंग घडतं फार लवकर. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी, म्हणजे न्यूरल ट्यूब, गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटलेली असते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. वरचं टोक मिटलं नाही तर कवटी आणि मेंदूचं व्यंग होतं, खालचं मिटलं नाही तर कण्याचं. पण घडलं तेव्हा ते दिसत नाही. सातव्या ते नवव्या आठवड्यात गर्भ जेमतेम एक ते अडीच सेंटिमीटरचा असतो आणि डोक्यात मागच्या बाजूला एक काळी पोकळी दिसते. ती मेंदूच्या मागच्या भागाची नेहमीची पोकळी असते. तिला पाणी भरल्याचं समजून घाबरवलेली जोडपी पुढच्या सेंटरमध्ये रडवेली होऊन येतात, हे होता कामा नये. उलट बाजूने, आठव्या आठवड्यात ‘बाळ छान आहे’ असं ऐकलेलं वाक्य ठोक्यांपुरतं आणि दिवसांच्या हिशेबापुरतं खरं असतं. कवटीबद्दल ते काहीही सांगत नाही, कारण कवटीचं हाड पडद्यावर पांढरं उमटायला अकरावा आठवडा उजाडावा लागतो.

त्यामुळे अपॉइंटमेंट कधीची घ्यायची, याला आम्ही सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. पुस्तकी मुदत ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, किंवा डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, जिला रिपोर्टात सीआरएल लिहितात, ती ४५ ते ८४ मिलिमीटर. पण न्यूरल ट्यूबसाठी मुदतीचा पहिला आठवडा कच्चा असतो. साडेबारा ते साडेतेरा आठवडे, म्हणजे सीआरएल साठ ते पंचाहत्तरच्या आसपास, हा सोन्यासारखा काळ. कवटी पक्की पांढरी दिसते, मेंदूचे दोन्ही भाग वेगळे कळतात आणि गर्भ अजून एका चौकटीत मावतो. सेंटरवाल्यांनी ‘अकरा पूर्ण झाले की या’ म्हटलं, तरी आठवडाभर थांबून बारा पूर्ण झाल्यावर जाण्यात फायदाच आहे. पाळी अनियमित असेल तर आधीच्या छोट्या सोनोग्राफीवरून तारीख मोजा, शेवटच्या पाळीवरून नको.

इथे आपल्या घरांतली एक रीत आड येते. तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय बाहेर सांगू नये म्हणतात, ते ठीक. पण पुष्कळ घरांत ‘सांगू नये’चं ‘दवाखान्यात जाऊ नये’ होतं, आणि पहिली भेटच चौथ्या महिन्यात पडते. तोवर ही खिडकी बंद झालेली असते. शेजारीपाजारी कळायला नको असेल तर कळू देऊ नका, पण सोनोग्राफीची तारीख त्या मौनात बुडवू नका.

आता प्रत्यक्ष सेवा. चांगल्या सेंटरमध्ये या तपासणीला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. पोटावरून फिरवायचा प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो. पोटावर चरबी असेल, गर्भाशय मागे झुकलेलं असेल किंवा गर्भाचं डोकं ओटीपोटात खोल गेलेलं असेल, तर आतून, म्हणजे योनिमार्गातून, ५ ते ९ मेगाहर्ट्झच्या प्रोबने पाहावं लागतं. कंपनसंख्या जास्त म्हणजे चित्र बारीक, पण पोच कमी. आतला प्रोब गर्भाच्या जवळ असल्याने ती उणीव भरून निघते. आतून पाहिल्याने गर्भाला इजा होत नाही, गर्भपात होत नाही. तरी बऱ्याच बायका नाही म्हणतात आणि बरेच डॉक्टर विचारतही नाहीत. आमच्या मते ‘पोटावरून नीट दिसत नव्हतं’ हे कारण देऊन अर्धवट रिपोर्ट हाती देणं ही सेवेतली सगळ्यांत मोठी त्रुटी आहे. आतून पाहण्याची तयारी दाखवली पाहिजे, आणि विचारलं नाही तर आपणच विचारलं पाहिजे. त्याआधी लघवीला जाऊन यायचं. पोटावरून पाहताना मात्र थोडं पाणी प्यायलेलं बरं. तुडुंब भरलेलं मूत्राशय नको, त्याने गर्भ उगाच लांब ढकलला जातो.

डोक्याच्या तीन चौकटी घ्यायलाच हव्यात. पहिली आडवी: कवटीचं पांढरं कडं पूर्ण गोल आहे का, मधोमध रेघ आहे का, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना कोरॉइड प्लेक्ससचे, म्हणजे मेंदूतलं पाणी बनवणाऱ्या भागाचे, पांढरे पुंजके फुलपाखराच्या पंखांसारखे उमटलेत का. दुसरी बाजूने, अगदी मध्यातून, जीत नाकाचं टोक, टाळू आणि मानेमागची त्वचा एकाच चित्रात येतात. एनटीचं माप याच चौकटीत घेतात. तिसरी समोरून, जीत दोन्ही डोळ्यांच्या खोबण्या आणि त्यांच्या वर कपाळाचं हाड दिसतं. गर्दीच्या सेंटरमध्ये दुसरी चौकट नेमाने घेतली जाते, कारण एनटीचा आकडा तिथेच मिळतो. तिसरी बहुतेकदा राहून जाते, आणि नेमकी तीच अ‍ॅनेन्सेफलीत सगळ्यांत आधी बोलते.

बाराव्या आठवड्यात अ‍ॅनेन्सेफली डोकं नसल्यासारखी दिसतच नाही. या वयात मेंदूचा पदार्थ अजून शाबूत असतो, फक्त त्यावर झाकण नसतं. या टप्प्याला एक्झेन्सेफली म्हणतात. समोरून पाहिलं की डोळ्यांच्या खोबण्यांच्या वर हाड नसतं, आणि मेंदूचे दोन भाग दोन्ही बाजूंना सैलसर पसरलेले असतात. या आकाराला सोनोलॉजिस्ट मंडळी जगभर ‘मिकी माउस’ म्हणतात. गर्भजलात बारीक कण तरंगत असतात, कारण उघडा मेंदू पाण्यात झिजत असतो. पुढच्या आठवड्यांत तो झिजून संपतो, मग डोळ्यांच्या वर काहीच उरत नाही आणि बेडकाच्या डोळ्यांसारखा चेहरा दिसतो. ते चित्र मात्र कोणालाही चुकत नाही.

निसटतं ते या मधल्या अवस्थेमुळे. घाईतल्या डोळ्याला ‘डोकं’ दिसतं, त्यावर कॅलिपर, म्हणजे मापाची खूण, ठेवला की माप येतं, यंत्र त्या मापावरून आठवडेही छापून देतं. कडं पांढरं आहे की नुसतं करडं, हे कुणी पाहिलेलं नसतं. दुसरी खूण सीआरएलची. कवटी नसलेल्या गर्भाची लांबी दिवसांच्या मानाने बरेचदा कमी भरते. आधीच्या सोनोग्राफीने तारीख पक्की झालेली असताना बाराव्या आठवड्यात लांबी पाच-सहा दिवस मागे दिसली, तर ‘तारीख बदलून घ्या’ म्हणण्याआधी कवटीचं कडं पुन्हा पाहायचं असतं. तारीख बदलून विषय मिटवला की व्यंग पाचव्या महिन्यापर्यंत लपून राहतं.

मेंदूचा भाग कवटीच्या छिद्रातून पिशवीसारखा बाहेर येतो त्याला एन्सेफॅलोसील म्हणतात. ते बहुतेकदा डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतं. पिशवी दिसली की तिथेच थांबायचं नाही, मूत्रपिंडं आणि हाताची बोटं पाहायची. मूत्रपिंडं मोठी, पाण्याच्या फोडांनी भरलेली आणि सहावं बोट, असं तिन्ही एकत्र असेल तर ते मेकेल-ग्रुबर सिंड्रोम, म्हणजे आईबाप दोघांकडून येणारा जनुकीय आजार, असण्याची शक्यता असते. त्यात पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक इतका धोका राहतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत असलेल्या आपल्या समाजांत ही गोष्ट रिपोर्टात स्पष्ट लिहिणं फार गरजेचं आहे. याउलट पिशवी वेड्यावाकड्या जागी असेल आणि जवळ गर्भपिशवीच्या पापुद्र्याचे धागे दिसत असतील, तर कारण वेगळं असतं आणि पुन्हा तसं होण्याची भीती फार थोडी असते. दोन्ही रिपोर्टांवर नुसतं ‘एन्सेफॅलोसील’ लिहून देणारा डॉक्टर अर्धंच काम करतो.

आता कणा, आणि गुण इथेच जातात. तेराव्या आठवड्यात कण्यावरची फट थेट दिसणं कठीण असतं. मणक्यांचं हाड अजून पुरतं पांढरं झालेलं नसतं आणि फट काही मिलिमीटरांचीच असते. म्हणून शोधाची दिशा उलटी असते: कण्याचं दुखणं डोक्यात शोधायचं. पाठीच्या उघड्या जागेतून मेंदूभोवतालचं पाणी झिरपतं, आणि मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जातो. १९८६मध्ये लंडनच्या निकोलाइडीस आणि सहकाऱ्यांनी पाचव्या महिन्यातल्या दोन खुणा नोंदवल्या. कपाळाची दोन्ही हाडं आत दबून कवटी लिंबासारखी दिसते आणि लहान मेंदू वाकून केळ्यासारखा होतो. ‘लेमन’ आणि ‘बनाना’ हे शब्द तेव्हापासून सोनोग्राफीच्या खोलीत रूढ झाले. २००९मध्ये बर्लिनच्या शावी यांनी निकोलाइडीस यांच्याबरोबर तिसऱ्या महिन्यातली खूण दाखवली. बाजूच्या त्याच एनटीच्या चौकटीत मेंदूच्या देठामागे चौथ्या पोकळीची काळी पट्टी असते. तिला इंट्राक्रेनिअल ट्रान्सल्युसन्सी, थोडक्यात आयटी, म्हणतात. उघडा स्पायना बायफिडा असेल तर ही पट्टी चेपते किंवा नाहीशी होते.

मोजायचं कसं, तर मेंदूच्या देठाची जाडी एकीकडे आणि देठापासून मागच्या हाडापर्यंतचं अंतर दुसरीकडे. निरोगी गर्भात देठाची जाडी त्या अंतरापेक्षा कमी असते. दोन्ही सारखी झाली किंवा देठ जाड भरला तर शंका घ्यायची. वेगळं चित्र लागत नाही, वेगळा वेळही फारसा लागत नाही. एनटीसाठी घेतलेल्या चौकटीतच दोन रेषा टाकायच्या आहेत. तरीही पुष्कळ रिपोर्टांत आयटीचा उल्लेखच नसतो, याचं आम्हांला वाईट वाटतं.

फसगतही होते, दोन्ही बाजूंनी. चौकट मध्यातून जराशी सरकली की पट्टी नाहीशी दिसते आणि उगाच घबराट होते. गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, जास्त ठेवला तर काळं करडं होतं. म्हणून आयटी दिसली नाही एवढ्यावर निदान करायचं नसतं, गर्भपाताचा निर्णय तर मुळीच घ्यायचा नसतो. त्याच दिवशी आतून पाहावं, गर्भ पाठ करून असेल तर आईला चालायला लावून पुन्हा बघावं, आणि शंका राहिलीच तर सोळाव्या आठवड्यात गर्भतज्ज्ञाकडून कणा, लिंबू आणि केळं तपासून घ्यावं. आणखी एक सांगायला हवं. त्वचेने झाकलेला स्पायना बायफिडा या खुणांपैकी एकही दाखवत नाही, कारण पाणी झिरपत नाही. तो पाचव्या महिन्यातही निसटू शकतो. लिंबाची खूण काही निरोगी गर्भांतही दिसते, तेव्हा केळं नसताना नुसत्या लिंबावरून धीर सोडू नये.

सेवेची पारख करायची तर रिपोर्टचा कागद वाचायला शिका. एक नमुना असा असतो: ‘सिंगल लाइव्ह फीटस, कार्डिअ‍ॅक अ‍ॅक्टिव्हिटी प्रेझेंट, सीआरएल ६४ एमएम, एनटी १.४ एमएम, नेझल बोन सीन.’ संपला. कवटीचा शब्द नाही, कण्याचा शब्द नाही. म्हणजे डॉक्टरांनी पाहिलंच नाही असं नव्हे, पण पाहिल्याचा पुरावा नाही. दुसरा नमुना: ‘कॅल्व्हेरिअम इंटॅक्ट, फॅल्क्स सीन, कोरॉइड प्लेक्सस बोथ साइड्स, आयटी सीन, स्पाइन लॉन्जिट्यूडिनल व्ह्यू, ओव्हरलाइंग स्किन इंटॅक्ट.’ यातलं ‘कॅल्व्हेरिअम’ किंवा ‘स्कल’ हा शब्द आधी शोधा, मग ‘स्पाइन’. नसतील तर तिथल्या तिथे विनंती करा: डॉक्टर, कवटी आणि कणा पाहिल्याचं लिहून द्याल का? नीट पाहिलेलं असेल तर कुणी रागावत नाही. सोबत दिलेल्या फिल्मवर डोक्याची आडवी चौकट आहे का तेही बघा. पुढे दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. सातव्या महिन्यात माहेरी जाताना हा कागद आणि फिल्म फाइलमध्ये असू द्या. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या तिमाहीचं काहीच माहीत नसतं.

यंत्राच्या जाहिरातीला भुलू नका. थ्रीडी-फोरडीचा चेहरा सुंदर येतो, तो फोटो ठेवायला छान असतो, पण कवटी आणि आयटी टूडीतच पाहायची असते. जुन्या पण चांगल्या राखलेल्या यंत्रावर सावकाश तपासणारा डॉक्टर आम्ही नव्या यंत्रावरच्या पाच मिनिटांच्या तपासणीपेक्षा वर ठेवू. एनटीचं माप घेण्याचं फीटल मेडिसिन फाउंडेशनचं प्रमाणपत्र असलेले डॉक्टर मोठ्या शहरांत सापडतात. ते असेल तर निदान बाजूची चौकट नीट घेतली जाईल, एवढी खात्री धरता येते. गर्भावर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह मोजणारी आणि ठोके ऐकवणारी सोय, उगाच लावू नये. तिसऱ्या महिन्यात त्याची ऊष्णता जास्त असते. ‘ठोके ऐकवा’ हा आग्रह म्हणूनच धरू नये, ठोके पडद्यावरच्या रेघेत मोजता येतात.

एक गैरसमज फार पसरलेला आहे, त्याने नुकसानही होतं. डबल मार्कर नॉर्मल आला किंवा महागडी एनआयपीटी रक्तचाचणी नॉर्मल आली, म्हणजे बाळाच्या मेंदूचं सगळं ठीक, असं नाही. या दोन्ही चाचण्या गुणसूत्रांच्या दोषांसाठी आहेत, न्यूरल ट्यूबबद्दल त्या मुक्या आहेत. त्यासाठीची रक्तचाचणी वेगळी: आईच्या रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. सोळा ते अठरा आठवड्यांत ती करतात, ट्रिपल आणि क्वाड्रुपल मार्करमध्ये ती असतेच. आकडा सरासरीच्या अडीचपट किंवा जास्त आला तर कणा नीट पाहायचा. जुळी असतील, तारीख चुकलेली असेल किंवा पोटाची भिंत उघडी असेल तरी एएफपी वाढतं. चांगल्या सोनोग्राफीपुढे ही चाचणी आता मागे पडली आहे, पण ज्या गावात चांगला सोनोलॉजिस्ट मिळत नाही तिथे ती अजूनही कामाची आहे.

सरकारी सेवेचं सांगायचं तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी फुकट होते, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सोनोग्राफीही. पण तिथला भर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीवर असतो. रेडिओलॉजिस्ट ठरावीक वारी येणाऱ्या रुग्णालयात बारा-तेरा आठवड्यांची तारीख मागून घ्यावी लागते. आशाताईंना पाळी चुकल्याबरोबर कळवलं तर ती मिळवणं सोपं जातं. महापालिकांच्या मोठ्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत गर्दी असते, पण शंकेच्या वेळी तिथला सल्ला खाजगीच्या तोडीचा असतो.

एफ फॉर्म, ओळखपत्र, सही, भिंतीवरचा ‘गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक, हा सगळा सोपस्कार १९९४च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याचा. असा कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्रच होतं, १९८८मध्ये. व्यंग शोधायला या कायद्याची आडकाठी नाही, फॉर्मवर तो उद्देश स्पष्ट छापलेला असतो. ओळखपत्र विसरल्याने अपॉइंटमेंट पुढे गेली आणि तेरावा आठवडा हुकला, असं मात्र होतं. आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी आदल्या रात्रीच पर्समध्ये ठेवा.

लवकर कळण्याचं मोल किती, ते कायद्याच्या हिशेबात दिसतं. अल्ट्रासाउंडवर अ‍ॅनेन्सेफली ओळखून त्यावर निर्णय घेतल्याची पहिली नोंद स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९७२मध्ये लंडनहून केली, गर्भ १७ आठवड्यांचा होता. आज तेच निदान बाराव्या-तेराव्यात होतं. अ‍ॅनेन्सेफलीचं बाळ पोटातच जातं किंवा जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत. उपचार नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ला दोघांचं लागतं, आणि २४नंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाचा निर्णय. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. प्रौढ बाईची स्वतःची संमती पुरे, नवऱ्याची किंवा सासरची सही कायदा मागत नाही. त्याआधी २० आठवड्यांची भिंत होती. जानेवारी २०१७मध्ये अ‍ॅनेन्सेफलीचं बाळ पोटात असलेल्या मुंबईच्या एका २२ वर्षांच्या बाईला चोविसाव्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं, केईएममधल्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासल्यावर परवानगी मिळाली. तेराव्या आठवड्यात कळलं असतं तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. उशीर झाला की शरीराचाही त्रास वाढतो. असं बाळ पाणी नीट गिळत नाही म्हणून गर्भजल फार वाढतं, पोट ताणतं, दम लागतो, आणि कळाही वेळेवर येत नाहीत.

ठेवायचं की नाही, हा निर्णय आईबापांचा. ठेवायचं ठरवलं तरी लवकर कळल्याने प्रसूती कुठे करायची आणि बाळाला किती वेळ जवळ घेता येईल, हे आधी बोलून घेता येतं. चांगला डॉक्टर दोन्ही वाटा सारख्या आवाजात सांगतो. घाई करणारा आणि देवावर सोडा म्हणणारा, दोघेही टाळावेत. स्पायना बायफिडात चित्र वेगळं असतं. फट कुठल्या मणक्याला आहे आणि पाय हलतात का, यावर पुढचं आयुष्य ठरतं. गर्भातच शस्त्रक्रिया करण्याचा पर्यायही जगात आहे. २०११मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मॉम्स चाचणीत १९ ते २६ आठवड्यांत गर्भावर शस्त्रक्रिया केलेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षभरात डोक्यात शंट, म्हणजे साचलेलं पाणी काढणारी नळी, लागला, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. त्याची किंमत म्हणजे अकाली प्रसूती आणि गर्भाशयावरचा कायमचा व्रण. ती वाट निवडायची असली तरी निदान आधी लागतं.

गर्भ काढावा लागला तर एक गोष्ट कुणीही आपणहून सुचवत नाही, ती मागून घ्या: काढलेल्या गर्भाची तपासणी. बाहेरून पाहणी, फोटो, एक्स-रे, शक्य असेल तर शवविच्छेदन आणि गुणसूत्रांची चाचणी. फॉर्मॅलिनमध्ये टाकल्यावर गुणसूत्रांचा नमुना वाया जातो, म्हणून तो आधी काढून ठेवायला सांगा. पुढच्या वेळचा धोका किती, हे याच कागदांवर ठरतं. साध्या न्यूरल ट्यूब व्यंगात तो साधारण शंभरात दोन ते पाच असतो, मेकेल-ग्रुबरमध्ये पंचवीस.

हा धोका गोळ्यांनी खाली येतो. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडने पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, तीच दिली जाते. गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधी सुरू करून बारा आठवड्यांपर्यंत रोज एक. पहिल्यांदाच दिवस राहणार असतील आणि कुठलाच धोका नसेल तर ४०० मायक्रोग्रॅम पुरे. पाळी चुकल्यावर सुरू केलेल्या गोळीचा न्यूरल ट्यूबला जवळपास उपयोग नसतो, हे लग्न ठरल्यावरच मुलींच्या कानावर घातलं पाहिजे. मात्रा भरण्यासाठी मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या एकत्र घेणं चूक आहे, त्यात व्हिटॅमिन ए जास्त होतं आणि तेच गर्भाला घातक. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ती गोळी मनाने बंद करायची नाही. गर्भ राहण्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडून बदलून घ्यायची. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणायची. शाकाहारी घरांत बी-१२ही तपासून घ्यावं, त्याच्या कमतरतेचा या व्यंगांशी संबंध पुण्यात झालेल्या अभ्यासातही दिसला आहे.

पुढच्या गरोदरपणात साडेबारा आठवड्यांची तारीख आधीच धरून ठेवा, चिठ्ठीवर ‘मागच्या वेळी न्यूरल ट्यूब डिफेक्ट’ असं ठळक लिहून घ्या आणि आतून पाहायला होकार आहे हे रिसेप्शनवरच सांगा. मग सोळाव्या आठवड्यात कणा एकदा, विसाव्यात पुन्हा एकदा.